ब्रह्मकमळ हे नाव कुणाचं? आणि लावायचं ते पान की फांदी?

एका मैत्रिणीने विचारलंय: “आमच्या गॅलरीतल्या झाडाला आम्ही ब्रह्मकमळ म्हणतो. उत्तराखंडला जाऊन आलेले एक काका म्हणाले, हे खोटं ब्रह्मकमळ, खरं हिमालयात. मग आपण याला काय म्हणायचं? आणि शेजारी ‘लावायला एक पान द्या’ म्हणतात ते बरोबर, की ‘कलम द्या’ म्हणायला हवं?”

आधी काकांचं बघू. झाडं दोन आहेत, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं. हिमालयातलं ब्रह्मकमळ म्हणजे सोस्यूरिया ओब्व्हलाटा. ते शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं, साधारण ३७०० ते ४६०० मीटर उंचीवर उगवणारं. पावसाळ्यात फुलतं तेव्हा आपल्याला दिसतात त्या त्याच्या पाकळ्या नसतातच. कागदासारखी पातळ, पिवळट पांढरी आवरणं असतात आणि आत जांभळ्या गोंड्यांचा झुबका. केदारनाथ-बद्रीनाथला ते देवाला वाहतात, उत्तराखंडचं ते राज्यफूल आहे. गॅलरीतलं आपलं ब्रह्मकमळ मात्र निवडुंगाच्या कुळातलं, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याचं माहेर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. रात्री आठ-नऊला उमलायला लागतं, मध्यरात्री पूर्ण फुलतं आणि उजाडायच्या आत मान टाकतं.

पण ‘खोटं’ हा शब्द मला खटकतो. पुण्यात, डोंबिवलीत, कोल्हापुरात ‘रात्री ब्रह्मकमळ उमलणार आहे, या’ असा निरोप आला तर कुणी हिमालयाची तयारी करत नाही. सगळे वाटीत हळदकुंकू घेऊन शेजारच्या गॅलरीत जमतात. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकच वस्तू समजते, म्हणजे मराठीत तो शब्द त्या झाडाचा झालेलाच आहे.

दूरच्या पाहुण्याला आपल्याकडचं मोठं नाव देणं हे काही आपणच केलेलं नाही. चिनी भाषेत या निवडुंगाला ‘तान्हुआ’ म्हणतात. त्यातला ‘तान’ हा मुळात ‘उदुंबर’ या संस्कृत शब्दाच्या चिनी रूपातला तुकडा. बौद्ध ग्रंथांत उदुंबराचं फूल युगायुगांत एकदा फुलतं. आपणही क्वचित दिसणाऱ्या माणसाला ‘उंबराचं फूल झालास की!’ म्हणतो, तेच हे फूल. क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या गोष्टीसाठी चिनीत ‘तान्हुआ दिसली’ अशा अर्थाचा वाक्प्रचार होता, आणि पुढे हा रात्रीचा निवडुंग तिथे पोचल्यावर ते नाव त्याच्या अंगावर चढलं. आपण ब्रह्मदेवाचं कमळ दिलं, त्यांनी आपलंच उंबराचं फूल दिलं! केरळात याला निशागंधी म्हणतात. मराठी माणसाने तिथे जरा जपावं, कारण आपला निशिगंध म्हणजे गुलछडी. (गुलछडीही मूळची मेक्सिकोचीच.) आणि अगदी अलीकडे, २०२१ साली, गुजरात सरकारने ड्रॅगनफ्रूटचं नाव ‘कमलम’ ठेवलं. तोही रात्री फुलणारा, त्याच कुळातला निवडुंग. त्यातही पुन्हा कमळच.

शास्त्रीय नावांची एक गंमत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. या दोन्ही ‘ब्रह्मकमळां’ना पहिलं शास्त्रीय नाव देणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एकच: जिनिव्हाचा द कांडोल. आणि सोस्यूरिया हे नाव त्याने ज्या सोस्यूर घराण्यावरून ठेवलं, त्याच घराण्यात पुढे भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर जन्मला. शब्द आणि वस्तू यांचं नातं निसर्गाने बांधून दिलेलं नसतं, ते समाजाच्या संकेताने ठरतं, हे मांडणारा तोच. काकांना हे जरूर सांगा.

तेव्हा माझं उत्तर असं: घरात, गप्पांत, निरोपात बिनधास्त ‘ब्रह्मकमळ’ म्हणा. लिहिताना घोटाळ्याची शक्यता असेल तिथे ‘हिमालयातलं ब्रह्मकमळ’ आणि ‘निवडुंगी ब्रह्मकमळ’ असा फरक करा. फक्त ‘ब्रम्हकमळ’ लिहू नका. उच्चारात म आधी येतो हे खरं, पण लेखनात ह आधी, त्याला म जोडलेला: ब्रह्म. तसंच ‘ब्रह्म’, ‘ब्राह्मण’, ‘ब्रह्मांड’.

आता पान की फांदी. आपण ज्याला पान म्हणतो ते या झाडाचं चपटं झालेलं खोड आहे. त्याचा काठ जवळून बघा. लाटेसारखा वरखाली जातो आणि प्रत्येक खाचेत एक बारीक ठिपका असतो. तो डोळा. उसाच्या कांड्याला, बटाट्याला असतो तसाच. कळी येते ती या डोळ्यातून, नवी फांदी फुटते तीही तिथूनच. साध्या पानाच्या काठाला कळी येत नाही. पण ‘पान’ म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही, कारण १८१२ मध्ये या निवडुंगांच्या गटाला एपिफायलम नाव मिळालं त्याचा ग्रीक अर्थच ‘पानावर’! फूल पानावर येतं असंच नाव देणाऱ्यालाही वाटलं. खरोखर पानातून रोप हवं असेल तर आपली पानफुटी आहे. तिच्या पानाच्या काठावरच पिल्लं धरतात.

‘कलम’ हा शब्द इथे जरा अडचणीचा. मुळात कलम म्हणजे बोरूची लेखणी, तिरकी छाटलेली, आणि त्यावरून ‘कलम करणं’ म्हणजे छाटणं. पण कोकणात कलम म्हटलं की हापूसचं डोळ्यापुढे येतं, म्हणजे एका झाडाची काडी दुसऱ्याच्या खुंटावर बांधलेली. इथे दुसरं झाड नाहीच. शेतीच्या पुस्तकांत यासाठी ‘छाट कलम’ आहे, आणि तो नेमका शब्द आहे. बोलताना मी ‘फांदी लावली’ म्हणते, आणि मुळं फुटून नवा कोंब आला की ‘लागली’. ‘फांदी लागली’ यात जी खात्री आहे ती ‘रुजली’मध्ये मला तेवढी ऐकू येत नाही.

फांदी मागण्याआधी झाड ओळखा. चपटी, पातळ, मधोमध जाड शीर, काटे नाहीत, बुडाशी गोल काठीसारखं खोड, तर ब्रह्मकमळ. तीन धारांची आणि बारीक काट्यांची असेल तर बहुधा ड्रॅगनफ्रूट. काठ करवतीसारखे खोल कातरलेले असतील तर ते याचंच दुसरं भावंड. नर्सरीत ‘लाल ब्रह्मकमळ’ म्हणून मिळतात त्या मिश्र जाती, आणि त्यांची फुलं दिवसाही उघडी राहतात.

मला माझी फांदी शेजारच्या काकूंनी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. वीतभर लांबीची, आणि बुडाशी बॉलपेनने छोटा बाण काढून ‘हे खाली’ लिहिलेलं. एका लांब फांदीचे दोन-तीन तुकडे केले की खालचं टोक कुठलं ते कळेनासं होतं, आणि उलटं लावलं तर लागणं कठीण. त्यांनी सांगितलं, चार-पाच दिवस सावलीत तशीच ठेव. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरायला हवी, ओली लावली तर कुजते. मग वाळू आणि कोकोपीट मिसळलेल्या भुसभुशीत मातीत दोन-तीन बोटं खोचायची आणि पाणी बेताने घालायचं. हा निवडुंग मूळचा रानातल्या झाडांवर वाढणारा, त्यामुळे त्याला भर दुपारचं ऊन आणि चिकट काळी माती दोन्ही सोसत नाहीत.

महिन्याभराने मी फांदी हळूच ओढून पाहिली. हलली नाही. तेव्हा काकूंना निरोप दिला, “लागली.” पहिली कळी यायला तिसरा पावसाळा उजाडला. ती आधी खाली लोंबते आणि उमलायच्या दिवसांत देठ वर वळवून मान उचलते. तुमच्या झाडावर कळीने मान उचललेली दिसली, की त्या संध्याकाळी लवकर जेवून घ्या आणि काकांनाही बोलवा.