स्टुटगार्टजवळ एका दिवसात बघण्यासारखं द्राक्षांचं गाव कोणतं? हेसिगहाइमला जाण्यात अर्थ आहे का?

जा. आणि 'तिथे बघायला काय आहे?' असं जो कोणी तुम्हाला सांगतोय, तो आमच्या दाजींच्याच पंथातला.

२०१६ च्या सप्टेंबरात माझे वडील, आण्णा, आमच्याकडे जर्मनीला आले होते. ऑक्टोबर छाटणी तोंडावर असताना तासगावची बाग चुलतभावावर टाकून आलेला माणूस, जीव तिकडेच. आधी त्यांना लुडविग्सबुर्गचा राजवाडा दाखवला. 'बरा हाय' म्हणाले आणि बाकावर बसून राहिले. हेसिगहाइमला मात्र गाडीतून उतरले ते थेट बागेकडे. नेकार नदीच्या वर चुनखडीचा कडा, खाली तीव्र उतार, त्यावर सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी ताली आणि एकेका तालीत वेलांच्या मोजक्या ओळी. ट्रॅक्टर चढत नाही, बहुतेक कामं हातानं. आण्णा ताल चाचपत म्हणाले, "ही ढासळली की रचतंय कोण?"

एक म्हातारा शेतकरी तोडणी करत होता. आण्णांनी बोटांची कात्री चालवून दोन बोटं दाखवली. तो एकच दाखवी. दोघंही एकमेकाला अडाणी समजत होते, शेवटी मी मध्ये पडलो. तिथं थंडीत वेल झोपतो, म्हणून छाटणी एकदाच. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. म्हाताऱ्यानं हसून ट्रोलिंगर जातीच्या द्राक्षांचा घड आण्णांच्या हातात ठेवला. "बिया हायत की रं यात!" बिनबियांची थॉमसन पिकवणाऱ्याला दुसरं काय दिसणार?

दाजी अजून दर दिवाळीला ऐकवतात, "सासऱ्यांना जर्मनीला नेलं आणि द्राक्षाची बाग दाखवली! पॅरिस किती लांब होतं?" आईवडिलांना काय आवडेल ते त्यांना विचारावं, जावयाला नाही. आण्णांच्या फोनवर आजही त्या तालीचा फोटो आहे.

बाकी, दारावर झाडू टांगलेला दिसला तर आत शिरा. तो 'बेझन', म्हणजे शेतकऱ्यानं घरचीच वाइन विकायला उघडलेली खाणावळ. वर्षातले काही आठवडेच चालू असते, तेव्हा आधी चौकशी करा. ताटात डुक्कर फार. माळकरी आण्णा द्राक्षाच्या रसावर आणि पावावर भागवून उठले. ट्रोलिंगरची वाइन मला स्वतःला पाणचट लागते, लेम्बर्गर या दुसऱ्या जातीची मागवा. गावाला रेल्वे स्टेशन नाही, बेसिगहाइमला उतरावं लागतं. कड्यावरच्या वाटेला चपला घालून जाऊ नका.