रोज पाणी घालूनही फर्न वाळतंय

प्रश्न : काकू नमस्कार, मागच्या जुलैत नर्सरीतून बोस्टन फर्न आणलं होतं, तेव्हा नुसतं हिरवंगार, कुंडीतून खाली ओसंडत होतं. दिवाळीपर्यंत छान होतं. फेब्रुवारीपासून टोकं तपकिरी व्हायला लागली आणि आता एप्रिलमध्ये अर्धं झाड वाळलंय, हात लावला की बारीक पानं सगळी फरशीवर, झाडून झाडून वैताग आलाय. रोज मगभर पाणी घालते, लगेच खाली ताटलीत येतं पण. महिन्यापूर्वी चमचाभर डीएपी खत दिलं. पानांच्या मागे तपकिरी ठिपके दिसले म्हणून नीम ऑइल मारलं, ठिपकेवाली पानं कापली. आता लांब केसाळ दोरे लोंबतायत, ती कीड आहे का? आमचे हे म्हणतात टाकून दे. गॅलरी पश्चिमेची आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : अगं थांब, आधी ती नीम ऑइलची बाटली कपाटात ठेव. तुझं झाड आजारी कमी आणि तहानलेलं जास्त आहे. रोज मगभर घालून तहानलेलं कसं, तर तूच लिहिलंयस ना, पाणी लगेच ताटलीत येतं म्हणून. तिथेच सगळं आलं.

नर्सरीतली ही झाडं बहुतेक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात आणि बऱ्याचदा विकायच्या आधी तो मुळांचा गोळा, म्हणजे हुंडी, तशीच्या तशी लाल मातीत बसवून देतात. पावसाळ्यात कळत नाही, सगळंच ओलं असतं. उन्हाळ्यात काय होतं, आतलं कोकोपीट एकदा कोरडठाक झालं की ते पाणी पटकन धरतच नाही, गोळा आकसतो, कुंडीच्या कडेने फट पडते आणि तुझं मगभर पाणी त्या फटीतून सरळ खाली. वरची माती ओली दिसते, मुळं कोरडी. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नकोस, कुंडी आडवी करून गोळा हलकेच बाहेर काढ आणि मधोमध बोट खुपसून बघ. कोरडा निघाला तर मी म्हणते तेच. पण चिकचिकीत असेल, कुबट वास येत असेल, मुळं काळी पडून हातात येत असतील तर प्रकरण उलटं, मग मुळं सडलीयत. अशा वेळी पाणी बंद करून सडकं कापायचं आणि सुट्या मिश्रणात लावायचं.

कोरडा असेल तर बादलीत पाणी घेऊन अख्खी कुंडी बुडव. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवायची, अर्धा तास सहज लागतो. नंतर बाथरूममध्ये ठेवून वरून साधं पाणी तीन-चारदा भरपूर सोडून निथळू दे, त्या डीएपीसाठी गं. फर्नला खताची भूक मुळातच कमी, त्यात कोरड्या मुळांवर चमचाभर क्षार म्हणजे टोकं जळणारच. जून उजाडेपर्यंत कसलंच खत नको, चहाचा चोथासुद्धा नको. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तरी टोकं अशीच होतात, आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालून पुण्य मिळवायची सवय असेल तर फर्नला त्यातून सूट दे, त्यात क्षार अजून जास्त.

आता ते ठिपके. पानाच्या मागे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, कडेजवळ, शिवणीच्या टाक्यांसारखे एका रांगेत, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणू! फर्नला फुलं-बिया येत नाहीत, त्याचं हे असं असतं. म्हणजे तू चांगली धट्टीकट्टी पानं कापून टाकलीस 😄 खवले कीड रांगेत बसत नाही, देठावर, शिरांवर कुठेही वेडीवाकडी चिकटते, नखाने खरवडली की निघते आणि पान चिकट लागतं. तसं असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढ. फर्नची पानं नाजूक, तेलाची फवारणी बाधते, त्यात पश्चिमेचं ऊन म्हणजे भाजणंच.

त्या गॅलरीतून तर आजच हलव. ऊन थेट नको पण उजेड हवा, पूर्वेची खिडकी उत्तम, नाहीतर खिडकी असलेलं बाथरूम. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारची हवा पापडासारखी कोरडी असते आणि याला दमट लागते, कोकणात पावसाळ्यात गडग्यांवर नेचे, म्हणजे फर्नच, कसे माजतात बघ. स्प्रे मारून पाच मिनिटांचं समाधान मिळतं, बाकी काही नाही. त्यापेक्षा चार कुंड्या एकत्र ठेव. एसी आणि पंख्याचा झोत नको.

पूर्ण वाळलेल्या काड्या बुडापासून काप, अर्धवट हिरव्या राहू देत. तपकिरी झालेलं परत हिरवं होणार नाही, त्याची वाट बघू नकोस, मधोमध गोगलगायीसारखे वळलेले नवे कोंब येतायत का ते बघ. तीन-चार आठवडे तरी जातील. कुंडी बदलायची घाई आत्ता उन्हात करू नकोस, जूनमध्ये पाऊस लागला की कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि थोडी जाडसर वाळू अशा मिश्रणात लाव, हुंडी कडेने बोटांनी मोकळी करून.

टाकून द्यायचं का, तर बुडाशी नखाने खरवड, आत हिरवं आणि घट्ट असेल तर ह्यांना सांग थांबा. आणि ते केसाळ दोरे कीड नाहीत, कापू नकोस. बोस्टन फर्न त्यांच्यापासूनच वाढतं. एखादा हिरवा दोरा शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर टेकवून केसांच्या पिनेने दाबून ठेव, थोरलं गेलंच तरी पावसाळ्यात धाकटं हाताशी असेल.