कानात शिट्टी वाजते, दाराची बेल मात्र ऐकू येत नाही

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं काम करतोय. वय ५१. दोन वर्षांपासून दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजते, रात्री जास्तच. तिच्यामुळे समोरच्याचं बोलणं कळत नाही, दाराची बेल ऐकू येत नाही. टीव्हीच्या आवाजावरून घरात रोज वाद. शिट्टी बंद करणारी गोळी सांगा. – एक वाचक, सातपूर

उत्तर : अशी गोळी नाही. जिंको या वनस्पतीच्या गोळ्या सर्रास खपतात, पण टिनिटसवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या अशा आवाजावर, त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ते पैसे ऑडिओमेट्रीसाठी, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीसाठी ठेवा.

ऐकू न येण्याचं खापर तुम्ही शिट्टीवर फोडताय. मापून पाहिलं तर ही शिट्टी बहुतेकांमध्ये त्या पट्टीतल्या ऐकण्याच्या किमान पातळीपेक्षा फार तर ५ ते १५ डेसिबलने वर असते. माणसाचं साधं बोलणं तिच्यामुळे झाकलं जात नाही. बोलणं हरवतंय ते ऐकणं कमी झाल्यामुळे, आणि शिट्टीही बहुधा त्यातूनच आली आहे.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार रोमपेशी असतात. मोठ्या आवाजाने आधी ३००० ते ६००० हर्ट्झ टिपणाऱ्या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिथून येणारा संदेश आटला की मेंदू तेवढ्या पट्टीपुरता आपला ‘व्हॉल्यूम’ वाढवतो. मांडवात माइकवर कुणी बोलत नसताना ॲम्प्लिफायर चढवला की नुसती खरखर येते, तसंच हे. म्हणून ऑडिओग्रामवर (ऑडिओमेट्रीच्या आलेखावर) खड्डा जिथे असतो, शिट्टीचा सूरही सहसा त्याच भागातला निघतो. स, श ही अक्षरंही उंच पट्टीतली. त्यामुळे ‘साठ’चं ‘आठ’ होतं, आवाज येतो पण शब्द लागत नाही.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्या. मळ घट्ट बसला असेल तरी दडे बसतात आणि आवाजही येतो. तो निघाला की कधीकधी तिथेच काम संपतं. मग साउंडप्रूफ खोलीत ऑडिओमेट्री. पाळी संपवून थेट जाऊ नका, तात्पुरता थकलेला कान खरा आकडा देत नाही. मशीनपासून किमान १४ तास दूर राहून, म्हणजे साप्ताहिक सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी जा. ३००० आणि ६००० हर्ट्झही तपासा असं मुद्दाम सांगा, पुष्कळ ठिकाणी ते गाळले जातात. रिपोर्टात उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. रेघ ४००० च्या आसपास खाली जाऊन ८००० ला पुन्हा वर येत असेल तर बोट मशीनच्या आवाजाकडे जातं. हवेतून आणि हाडातून ऐकण्याच्या रेघांत फट दिसली तर दोष मधल्या कानाचा, आणि त्याचे उपचार वेगळे. रिपोर्ट जपून ठेवा. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य आजार मानला आहे.

बोलणं लागत नसेल तर श्रवणयंत्र लावून बघाच. हरवलेल्या पट्टीत आवाज पोचू लागला की बऱ्याच जणांची शिट्टी मागे पडते. सगळ्यांची पडतेच असं नाही, म्हणून चाचणीसाठी काही दिवस मिळतील तिथूनच घ्या. खालचे सूर नीट ऐकू येत असतील तर कान पूर्ण बंद न करणारा ‘ओपन डोम’ (यंत्राचं कानात बसणारं टोक) मागा, नाहीतर स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो आणि यंत्र आठवड्यात कपाटात जातं.

उरलेलं ऐकणं वाचवायचं तर फोमचे प्लग. स्वच्छ हातांनी वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. मग दोन्ही तळवे कानांवर दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग अर्धवट बसलाय, पुन्हा घाला. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही.

प्रश्न : ढोल पथकात आहे, वय २३. सरावानंतर कानात ‘ईऽऽ’ असा आवाज राहतो. ऑडिओमेट्री नॉर्मल आली. मग आवाज कशाचा? – पंचवटी

उत्तर : नेहमीची ऑडिओमेट्री ८००० हर्ट्झला थांबते. त्यापुढची झीज तिच्यात दिसतच नाही. १६००० पर्यंतची वेगळी चाचणी असते. शिवाय २००९ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात कुजावा आणि लिबरमन या संशोधकांना आढळलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, रोमपेशीही शाबूत राहतात, पण त्यांच्या मज्जातंतूंशी असलेल्या जोडण्या कायमच्या तुटतात. तेव्हा ‘नॉर्मल’ या शेऱ्यावर विसंबून सराव तसाच चालू ठेवणं आम्हाला पटत नाही. सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग वापरा, त्यांत ताल आणि इशारे कळतात. ताशाच्या ओळीलगतची जागा आलटूनपालटून घ्या. कान वाजत असताना दुसऱ्या दिवशीचा सराव नको.

प्रश्न : वय ६८. ऐकण्याचं मशीन लावलं की कानातला आवाज कमी, रात्री काढलं की पुन्हा सुरू. पावसाळ्यात मशीनही मधूनच बंद पडतं. – नाशिक रोड

उत्तर : रात्री खोली अगदी शांत ठेवू नका. पंखा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज लावा, पण शिट्टी त्याखाली जराशी ऐकू येईल इतकाच. पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय होत नाही.

मशीन बंद पडण्यामागे बहुधा दमट हवा किंवा मळ. रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, बॅटरी बाहेर काढून आणि मशीनचं बॅटरीचं झाकण उघडं ठेवून. नव्या बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच बसवा, ती हवेवर चालते. आवाज क्षीण वाटला तर आधी मळाची जाळी बदला. मशीन लावलेलं असताना शिट्टी आली आणि कानाजवळ हात नेल्यावर बदलली, तर ती मशीनची: डोम सैल आहे, माप बदलून घ्या.

प्रश्न : परवा सकाळी उठलो तर डाव्या कानाला दडे बसलेले आणि घूं घूं आवाज. खोबरेल तेल घातलंय. किती दिवस वाट बघू? – सिन्नर

उत्तर : एकही नाही. हे उत्तर छापून येईपर्यंतही थांबू नका. नुसता मळही असेल, पण आतल्या कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो आणि दिवसागणिक घटतो. तेल बंद करा. जिथे त्याच दिवशी ऑडिओमेट्री होईल अशा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत जा, आणि मधुमेह असेल तर स्टेरॉइडआधी डॉक्टरांना तसं सांगा. एकाच कानात बरेच दिवस राहणारा किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर ‘धप धप’ येणारा आवाजही असाच तपासून घ्यायचा. त्यासाठी बहुधा एमआरआय लागतो.