वेण्यांना हात लावणाऱ्या मुली

प्रश्न: माझ्या पाचवीच्या वर्गात नायजेरियाहून आलेली एक मुलगी आहे. बाकीच्या मुली न विचारता तिच्या बारीक वेण्या ओढून बघतात, रंगावरून चिडवतात. आता ती डबाही एकटीच खाते. ‘मुलंच ती, दुर्लक्ष करा,’ असं वरिष्ठ म्हणतात. काय करू?
— एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर: ताई, दुर्लक्ष अजिबात करू नका. १९४०च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या. ‘छान कोणती?’ विचारल्यावर बहुतेकांनी गोरी दाखवली. त्यांत तीन वर्षांची मुलंही होती! चिडवणं इतक्या लवकर आत मुरतं.

आधी तिच्याशी एकटीशी बोला, मग तिच्या आईशी. वर्गात स्पष्ट सांगा, कुणाच्याही केसांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. (वेण्यांवरून शाळेत भेदभाव होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये कायदाच केला.) मात्र तिला उभं करून ‘तुझ्या देशाबद्दल सांग’ म्हणू नका. शिकवायचं काम आपलं, त्या पोरीचं नव्हे.

जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे पुण्यातल्या मुलांना सांगाच. चिडवणाऱ्यांतही एखादी सावळी मुलगी असेल, घरी ‘उन्हात जाऊ नकोस’ ऐकणारी. तिलाही जवळ घ्या. आणि काही दिवस मधल्या सुट्टीत तुमचा डबा वर्गातच, मुलींबरोबर खा.