मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नको

तुझा मेल काल रात्री वाचला आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. औषधाचे पहिले चार उंदीर मस्त आले, इन्फार्क्ट (हृदयाचा मेलेला भाग) जवळजवळ निम्म्यावर, लॅबमध्ये पेढे वाटून झाले, मग नव्या बॅचला कोड लावून, म्हणजे मोजताना ग्रुप कळणार नाही असे नंबर टाकून, आठ-आठ केले तर कंट्रोल (औषध न दिलेले) आणि औषध यांच्यात काहीच फरक नाही, आणि आता सर म्हणतायत की दोन हार्ट आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे) म्हणून काढून टाक नाहीतर सरळ आयसोप्रोटेरेनॉल मॉडेलवर, त्या इंजेक्शनने हृदयाला इजा करायच्या पद्धतीवर, जा, तिथे येईलच. आणि तू मला विचारतेयस, मॅडम माझा विषयच चुकला का.

विषय चुकला नाहीये गं. तुझे पहिले चार चुकलेत.

मेलमध्ये तूच लिहिलंयस, जानेवारीत सगळे कंट्रोल संपवले आणि मार्चमध्ये औषधाचे सुरू केले. जानेवारीत छाती उघडल्यापासून एऑर्टा (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) कॅन्युलावर, त्या नळीवर, बांधेपर्यंत तुला किती वेळ लागायचा आणि मार्चमध्ये किती? वहीत बघ. लँगेनडॉर्फवर, म्हणजे हृदय शरीराबाहेर चालू ठेवायच्या यंत्रावर, हात बसायला महिने जातात, सुरुवातीला धागा निसटतो, हवेचा बुडबुडा जातो, हार्ट बिचारं तिथेच अर्धमेलं होतं. म्हणजे तुझे कंट्रोल कच्च्या हाताचे आणि औषधवाले पक्क्या हाताचे. औषधाने काही केलं नसेल, तुझ्या बोटांनी केलं असेल. म्हणून रोज सकाळी चिठ्ठी काढायची, कुठल्या हार्टला काय ते चिठ्ठी ठरवेल, सोल्युशनच्या बाटल्यांवर दुसऱ्या कोणीतरी नंबर टाकायचे, आणि मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नको. मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट शिकले, म्हणून तीच परत परत सांगणार आहे.

आता माझं सांगते. माझ्या पीएचडीच्या वेळी स्कॅनर वगैरे नव्हता. हार्ट थोडं फ्रीझ करून दोन-दोन मिलिमीटरचे काप करायचे, टीटीसी या रंगवणाऱ्या द्रावणात 37 डिग्रीला ठेवायचे, जिवंत भाग विटेसारखा लाल होतो आणि मेलेला फिका पांढरट राहतो, मग फॉर्मेलिन. मग काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये काप दाबून वर ओएचपीची पारदर्शक शीट ठेवायची, बारीक मार्करने कडा काढायच्या आणि ग्राफ पेपरवर चौकोन मोजायचे. पुस्तकात लाल आणि पांढरं असं दोनच असतं. पण काप समोर धरलास की मध्ये एक गुलाबी पट्टा दिसतो, कुठे अर्धा मिलिमीटर कुठे दीड, तो जिवंत की मेलेला ते तुझा मार्कर ठरवतो. मला माहीत होतं हा काप औषधवाल्याचा आहे, तीन वर्षं त्याच औषधावर घालवलेली होती, आणि हात आपसूक त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने फिरायचा. मुद्दाम नाही. एकदाही मुद्दाम नाही. पेपर आला, कौतुक झालं. काही वर्षांनी माझ्याच एका ज्युनिअरने त्याच जुन्या शीट्स आणि फोटो नंबर टाकून, ग्रुप न बघता परत मोजले आणि फरक होता त्याच्या निम्मासुद्धा उरला नाही.

तो परत मोजलेला रिझल्ट मी छापला नाही. हे तुला पहिल्यांदा सांगतेय. तेव्हा ग्रँटचे चार महिने उरले होते, दोन मुलांची फेलोशिप त्यावर होती, घरी आईचं आजारपण, आणि तेव्हा आमच्याकडे कोणीच ब्लाइंड मोजत नव्हतं, मला एकटीला का फाशी. आजही मला वाटतं की त्या परिस्थितीत दुसऱ्या कोणीही हेच केलं असतं. पण त्या पेपरवर विसंबून कोणी आणखी उंदीर मारले असतील, तो हिशोब माझ्याकडेच राहिला. एथिक्स कमिटीला आपण लिहून देतो ना, इतके प्राणी लागतील आणि एवढं ज्ञान मिळेल. मग ज्ञान नको असलेलं निघालं की दोन हार्ट काढून टाकायचे, हे कसं चालेल?

आउटलायरचं म्हणशील तर नियम आधी लिही. स्टॅबिलायझेशनमध्ये, म्हणजे सुरुवातीला हार्ट स्थिरावतं तेव्हा, प्रेशर आलं नाही, एऑर्टा फाटली, फ्लो वेडावाकडा आहे, तर हार्ट बाद, पण औषध जायच्या आधी. इन्फार्क्टचा आकडा बघून बाद करायचं नाही. सरांना हे माझ्या नावाने सांग हवं तर.

आणि आयसोप्रोटेरेनॉल. ते मॉडेल 1959 पासून आहे, मी स्वतः शेकडो उंदरांवर केलंय, वाईट नाहीये. पण आपल्याकडे काय होतं, तीन-चार आठवडे आधी अर्क पाजायचा, मग लागोपाठ दोन दिवस इंजेक्शन, रक्तात हृदयाच्या इजेचे एन्झाइम कमी आले की लिहायचं कार्डिओप्रोटेक्टिव्ह, हृदय वाचवणारं. त्यात ना कुठली रक्तवाहिनी बंद होते ना उघडते. पेशंट छातीत दुखायला लागल्यावर येतो, चार आठवडे आधी नाही! तुझा प्रश्न रिपर्फ्युजनचा आहे, बंद नळी उघडल्यावर जे नुकसान होतं त्याचा. तिथे उत्तर मिळालं नाही म्हणून प्रश्नच बदलायचा?

1986 चा मरी, जेनिंग्ज आणि रायमरचा पेपर नीट वाचलायस का, म्हणजे पूर्ण? कुत्र्यांमध्ये पाच-पाच मिनिटांची चार छोटी ऑक्लुजन (रक्तवाहिनी बंद करणं), मध्ये पाच-पाच मिनिटं रक्त सुरू, मग 40 मिनिटं सलग बंद, आणि इन्फार्क्ट कंट्रोलच्या चौथाईवर आला. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच पेपरमध्ये दुसरा ग्रुप आहे, तीन तास बंद ठेवलेला, आणि त्यात काहीही फायदा झाला नाही. त्यांनी तो लपवला नाही, शेजारी छापला. आणि त्यामुळेच कळलं की प्रीकंडिशनिंग, म्हणजे आधीची ती छोटी ऑक्लुजन, हृदयाला मरणापासून वाचवत नाही, मरण लांबवतं, आणि तेवढ्या वेळात रक्त परत पोचलं तरच उपयोग. नाही आलेल्या रिझल्टने आलेल्या रिझल्टचा अर्थ सांगितला. तुझे आठ-आठ हेच सांगत असतील तर?

बाकी आपल्या क्षेत्राचं काय झालं तुला माहीत आहे. सायक्लोस्पोरिन हे औषध 2008 मध्ये 58 पेशंटमध्ये छान, 2015 मध्ये 970 पेशंटमध्ये काही नाही. दंडावर कफ फुगवून हृदय वाचवायचं ते रिमोट कंडिशनिंग, किती प्राण्यांमध्ये चाललं, आणि 2019 मध्ये 5401 पेशंटमध्ये हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं यात फरक शून्य. यात पेशंटचं वय, डायबेटिस, आधीच चालू असलेली औषधं अशी खरी कारणं आहेत, मान्य. पण थोडा वाटा आपल्या गुलाबी पट्ट्याचाही आहे असं मला वाटतं, आणि हे मी कॉन्फरन्समध्ये म्हटलं की लोक चहाला उठतात. अमेरिकेत सीझर नावाचा गट झाला, उंदीर, ससे, डुकरं, वेगवेगळ्या लॅबमध्ये एकच प्रोटोकॉल, आणि मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नाही. तिथे प्रीकंडिशनिंग तिन्ही प्राण्यांत पास झालं. म्हणजे खरं असेल ते आंधळेपणाने मोजलं तरी उरतं, एवढी भीती कशाला वाटते लोकांना?

चिडून लिहितेय असं वाटलं तर तुझ्यावर नाही चिडले. कोणी सांगितलं नसताना तू दुसऱ्या बॅचला कोड लावलास, मी तुझ्या वयात नव्हता लावला.

सबमिशन सहा महिने पुढे गेलं तर जाऊ दे, घरी मी बोलेन हवं तर, बाबांना माझा नंबर दे. थिसिसमध्ये पहिले चार आणि नंतरचे आठ-आठ दोन्ही लिही, आधी काय क्रमाने केलं तेही लिही. आणि ते दोन हार्ट, ज्यांना सर आउटलायर म्हणतायत, त्यांचे काप फॉर्मेलिनमध्ये असतील अजून, टाकू नकोस. सगळ्या 16 हार्टचे स्कॅन मला पाठव, फाइलच्या नावात फक्त नंबर ठेव. रविवारी मोकळी आहे, मी मोजून पाठवते, आणि माझे आकडे येईपर्यंत कुठला नंबर कशाचा ते मला सांगायचं नाही.