एच-इंडेक्स 16 असलेल्या मॅडमकडे पीएच.डी. करावी का?

आपण विचारले आहे की, कोल्हापुरात सापाच्या विषावर संशोधन करणाऱ्या ज्या मॅडमकडे आपणांस पीएच.डी.साठी नोंदणी करायची आहे, त्यांचा एच-इंडेक्स 16 आहे आणि नॅनोमटेरियलवर काम करणाऱ्या, जवळपास तेवढ्याच सेवेच्या एका सरांचा 41. तेव्हा मॅडमचे काम कमी प्रतीचे समजावे का? मी येथील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि प्राध्यापकांच्या शोधनिबंधांच्या याद्या तपासणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. माझे स्पष्ट मत असे की, हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीही ठरवू नये.

एच-इंडेक्स हा संशोधकाच्या निबंधांचा प्रभाव मोजणारा निर्देशांक होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवला. निबंध सायटेशनच्या, म्हणजे इतर निबंधांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला त्याच्या, उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या शेवटच्या निबंधाला निदान आपल्या क्रमांकाइतकी सायटेशन आहेत, तो क्रमांक घ्यायचा. समजा, एखाद्याच्या निबंधांना 40, 22, 15, 9, 6 आणि 5 सायटेशन आहेत, तर त्याचा निर्देशांक 5. दुसऱ्याच्या निबंधांना 900, 300, 12, 7, 5 आणि 4 असतील, तरी त्याचाही 5च. नऊशे वेळा आधाराला घेतला गेलेला निबंध या आकड्यात कुठेही दिसत नाही.

विषयानुसार हा आकडा किती बदलतो, हे हिर्श यांनी त्याच निबंधात दाखवले होते: भौतिकशास्त्रात सर्वांत वरचे एडवर्ड विटन 110 वर होते, तर जीवशास्त्रातील सॉलोमन स्नायडर 191 वर. म्हणजे जैववैद्यकातला आकडा सहसा मोठाच असायला हवा, असे आपल्याला वाटेल. पण जैववैद्यक हे काही एकच क्षेत्र नव्हे. कर्करोगावर जगभर असंख्य प्रयोगशाळा काम करतात आणि एकमेकींचे निबंध उद्धृत करतात. सर्पविषावर काम करणारे गट त्या मानाने मोजकेच. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली असा अंदाज आहे, आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेने या विषयाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत पक्के स्थान दिले ते 2017 मध्ये. जिथे लिहिणारेच थोडे, तिथे सायटेशन देणारेही थोडेच असणार. त्यात मॅडमचा दोष नाही, आणि आपल्या ऊसपट्ट्यात या कामाची गरज किती आहे हे मी आपल्याला सांगायला नको.

उलट, प्रचंड सायटेशन म्हणजे प्रचंड मोठा शोध, असेही नाही. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची लोरी यांची 1951 मधील पद्धत तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाली आहे. निळा रंग आणणारी ही पद्धत वैद्यक, शेती, अन्नविज्ञान अशा सगळीकडे वापरली गेली, म्हणून. आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित (एमएमआर) लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडू पाहणारा 1998 चा वेकफिल्ड यांचा निबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याच्याही नावावर हजाराहून अधिक सायटेशन आहेत, त्यांतली कितीतरी त्याला खोडून काढणारी.

तुलना करायचीच असेल तर विषय आणि वर्ष लक्षात घेणारे मोजमाप वापरावे. स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसंग्रहात तसा एक आकडा मिळतो, ज्यात 1 म्हणजे त्या विषयाची जागतिक सरासरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची ‘आयसाइट’ ही सोय विनामूल्य आहे. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीतील निबंधांचे क्रमांक दिले की प्रत्येकाचा सापेक्ष प्रभाव कळतो. मात्र आधी यादी खरी आहे ना, ते पाहावे. ‘पाटील एस. एस.’ असे शोधले तर अनेक वेगवेगळ्या पाटलांचे निबंध एकाच नावाखाली येतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे सुरुवातीचे निबंध गळून पडतात. मॅडमचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर त्यावरूनच यादी घ्यावी. आकडा गुगल स्कॉलरचा आहे की स्कोपसचा, हेही विचारावे. गुगल स्कॉलर प्रबंध आणि पुस्तकेही मोजत असल्याने त्याचा आकडा बहुधा मोठा येतो.

एवढे झाल्यावर मॅडमचे गेल्या पाच वर्षांतले निबंध काढून लेखकांची नावे वाचा. जैववैद्यकात प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव सहसा पहिले आणि मार्गदर्शकाचे शेवटचे असते. पहिल्या जागी त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे दिसत असतील, तर त्यांपैकी दोघांना भेटून प्रबंध पूर्ण व्हायला किती वर्षे लागली आणि विषाचे नमुने मिळवायला परवानग्या कशा मिळाल्या, ते विचारून घ्या.