पंखा होडीवरच्या ओझ्याप्रमाणे निवडावा

प्रश्न : मालवणजवळ पर्यटकांना खाडीत फिरवून आणण्यासाठी माझी 20 फुटी फायबरची होडी आहे. तिला 15 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून लावायचे) मशीन बसवले आहे. गेल्या महिन्यात सुकतीच्या वेळी खडपाला लागून पंख्याचे एक पाते तुटले. जुन्या पंख्यावर 9¼ × 10½ असे आकडे आहेत. दुकानदार म्हणतात, दुसरा आकडा 12 असलेला घ्या, वेग वाढेल. भावाचे म्हणणे असे की पाते वेल्डिंग करून आणावे. मला स्वतःला स्टेनलेस स्टीलचा पंखा घ्यावासा वाटतो. पाते तुटण्यापूर्वी मित्राचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारे यंत्र) लावून पाहिले होते, तेव्हा आठ प्रवासी असताना पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला 4,700 आणि मी एकटा असताना 5,450 फेरे मिळाले. मशीनच्या पुस्तिकेत 5,000 ते 6,000 असे दिले आहे. कोणता पंखा घेऊ?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आपण फेरे मोजून ठेवले आहेत, ही फार मोलाची गोष्ट आहे. पंखा बदलताना बहुतेक जण तुटलेल्या पंख्यावरचे आकडे वाचतात आणि तसाच दुसरा आणतात. पण जुना पंखा त्या होडीला मुळात योग्य होता की नाही, हे कोणीच तपासलेले नसते. आपल्या आकड्यांवरून स्पष्ट दिसते की तो योग्य नव्हता.

पहिला आकडा पंख्याच्या व्यासाचा आणि दुसरा पिचचा असून दोन्ही इंचांत असतात. लाकडात स्क्रू फिरवल्यावर तो प्रत्येक फेऱ्याला जेवढा आत सरकतो, तसाच पंखा पाण्यात अजिबात न घसरता एका फेऱ्याला जेवढा पुढे जाईल, ते अंतर म्हणजे पिच. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे पंखा घसरतो, आणि किती घसरतो हे घरबसल्या काढता येते. आपल्या मशीनचे गिअर गुणोत्तर, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात तो आकडा, 2.08 आहे असे धरू. ते पुस्तिकेत पाहून खात्री करून घ्यावी. इंजिनाच्या 4,700 फेऱ्यांना 2.08 ने भागले की पंख्याचे सुमारे 2,260 फेरे येतात. त्यांना 10½ इंचांनी गुणल्यास मिनिटाला सुमारे 603 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर होतात. आता आठ माणसे घेऊन, भरती-सुकतीच्या मधल्या स्थिर पाण्यात मोबाइलच्या जीपीएसवर खरा वेग पाहावा. तो ताशी 16 किलोमीटरच्या आसपास भरला, तर पंख्याचे निम्म्याहून अधिक फिरणे वाया जात आहे असे समजावे. नाळ (पुढचे टोक) उचलून पाण्यावर सपाट धावणाऱ्या हलक्या होडीत ही घसर साधारण 10 ते 20 टक्के असते. भरलेली होडी पाणी कापत जड चालते, त्यामुळे तिला जास्त पिचचा काहीच उपयोग होत नाही.

म्हणूनच दुकानदारांचा सल्ला आपल्या होडीला लागू पडत नाही. पिच वाढवल्यावर वेग वाढतो खरा, पण तो पंखा फिरवायला इंजिनात ताकद शिल्लक असेल तरच. आपले इंजिन भरल्या होडीत आताच पुस्तिकेतल्या किमान मर्यादेच्या 300 फेरे खाली अडकले आहे. चौथ्या गिअरात घाट चढणाऱ्या गाडीसारखी त्याची अवस्था आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा असूनही फेरे चढत नसतील, तर इंजिन तापते, आत काजळी साचते आणि पिस्टन व बेअरिंगवर सतत ताण येतो. 12 चा पंखा लावल्यास फेरे आणखी उतरतील आणि होडीचा वेग बहुधा कमीच होईल.

पिच एक इंचाने कमी केले की पूर्ण थ्रॉटलचे फेरे साधारण 150 ते 200 ने वाढतात. लहान पंख्यांवर हा फरक थोडा अधिकही निघतो. त्या हिशेबाने 9 पिच घेतल्यास भरल्या होडीत आपण जेमतेम 5,000 पर्यंत पोहोचाल, आणि 8 घेतल्यास 5,200 च्या आसपास जाल. 8 पिचवर आपण एकटे असताना फेरे 5,950 पर्यंत किंवा त्याहून थोडे वर जाऊ शकतील, तेव्हा रिकाम्या होडीत थ्रॉटल थोडा मागे ठेवावा लागेल. तरीही मी 8 चाच पंखा सुचवीन, कारण आपल्या दिवसभराच्या फेऱ्या प्रवाशांसह होतात, रिकाम्या होडीने नव्हे. व्यास 9¼ च राहू द्यावा. विकत घेण्यापूर्वी दुकानदारांकडून एक दिवस वापरून पाहण्याची आणि पंख्याला ओरखडा नसल्यास बदलून घेण्याची सोय मिळते का, हे जरूर विचारावे.

स्टेनलेस स्टीलची पाती पातळ असूनही ताठ राहतात, त्यामुळे वेगवान होडीला त्यांचा फायदा होतो. आपल्या जड चालीत तो फायदा जवळपास जाणवणार नाही. उलट खडपाला लागल्यावर अॅल्युमिनियमचे पाते वाकते किंवा तुटते आणि बराचसा धक्का स्वतः सोसते. स्टीलचे पाते टिकते आणि धक्का शाफ्ट व गिअरकडे पाठवते. पंख्याच्या किमतीपुढे गिअरबॉक्सचा खर्च कितीतरी मोठा असतो. जिथे सुकतीला तळ लागतो तिथे अॅल्युमिनियमच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेल्डिंगबद्दल सांगायचे तर काठावरचा लहान टवका भरून घासून घेता येतो. पण आख्खे पाते जोडून घेतले, तर तिन्ही पात्यांचे वजन आणि वळण सारखे राहत नाही. त्यातून येणारी थरथर शाफ्टच्या सीलला आणि बेअरिंगला खाते. पैसे वाचवण्याची भावाची तळमळ मी समजू शकतो, तरीही प्रवासी नेणाऱ्या होडीत असा पंखा लावू नये.

नवा पंखा घेताना शाफ्टवरच्या दात्यांची संख्या मशीनशी जुळते ना, हे पाहण्यासाठी जुना पंखा सोबत न्यावा. बसवण्याआधी मशीन न्यूट्रलमध्ये आणून स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवाव्यात, कारण पंखा हाताने फिरवताना इंजिन सुरू झाल्यास बोटे गेलीच म्हणून समजा. पंखा निघाल्यावर शाफ्टच्या मुळाशी नीट पाहावे. आपल्या किनाऱ्यावर तिथे मासेमारीचा नायलॉनचा तंगूस (दोरा) गुंडाळलेला सापडणे नेहमीचेच आहे. तो केसासारखा बारीक असला तरी सील कापतो, आणि मग गिअर तेलात पाणी शिरून तेल दुधाळ होते. तसे तेल दिसले तर पंख्याआधी सील बदलावे. दात्यांना पाण्यात न धुपणारे ग्रीस लावावे, थ्रस्ट वॉशर (पंख्याचा रेटा शाफ्टवर घेणारी चकती) ज्या बाजूने निघाला त्याच बाजूने परत बसवावा, आणि कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती दुमडती पिन) दर वेळी नवी घालावी.

प्रश्न : दापोलीजवळ माझी लहान होडी आहे. हळू चालवताना सगळे ठीक असते, पण थ्रॉटल वाढवला की इंजिन जोरात ओरडते आणि होडी मात्र पुढे जात नाही. पंखा बदलावा का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पात्यांना काही झालेले नसेल, तर दोष बहुधा पंख्याच्या आतल्या रबरी बुशाचा असावा. धक्का बसल्यावर गिअर वाचावेत म्हणून हा बुश घसरेल अशीच त्याची रचना असते, पण एकदा सैल झाला की तो जोरात फिरवल्यावर पुन्हा पुन्हा घसरतो. पंखा शाफ्टवर असतानाच मागच्या बाजूने, आतल्या धातूच्या नळीपासून रबरावरून बाहेरच्या गाभ्यापर्यंत ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढावी आणि ती वाळल्यावर होडी पूर्ण थ्रॉटलवर एकदा पळवून आणावी. रेघ मधोमध तुटून दोन टोके सरकलेली दिसली, तर बुश गेला आहे. तो यंत्रावर दाबून नवा बसवता येतो. जवळपास तशी सोय नसेल तर पंखाच बदलावा. रेघ जागेवर असेल, तर मशीन मागच्या फळीवर फार उंच बसले आहे का ते पाहावे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली इंचभर असावी. ती वर राहिली की पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो आणि त्याची पाण्यावरची पकड सुटते. बुश सैल झाला असला तरी कमी थ्रॉटलवर होडी हळूहळू किनाऱ्याला लागते, त्यामुळे समुद्रात असताना हे जाणवल्यास थ्रॉटल लगेच उतरवावा आणि तिथूनच परत फिरावे.